एकटीपुरती

हाडांच्या दवाखान्यात शिलाईवालीचा नंबर काही लागेना. शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्या, नणंद-भावजय. ऐकायचं नव्हतं तिला, पण कानांना काय झाकणं असतात?

"वहिनी, रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन घेतलंस?"

"कुठलं, वन्सं! पाकीटच फुटेना. बोटं बघा, नुसती लटपटतात."

"कसलं पाकीट?"

"आता ज्याचं त्याचं सीलबंद असतं. वर भाकरीची चकती, खाली घोटभर द्राक्षरस. पाळक पडद्यावरून म्हणाले, 'घ्या, खा,' की सगळे टराटर फोडतात."

"शेजारणीला द्यायचं फोडायला."

"तिचे डोळे मिटलेले. प्रार्थनेत होती."

"आणि आपल्या स्वयंपाकघरात जमायचो तेव्हा? येशूच्या पहिल्या शिष्यांसारखे, घरोघरी."

"आमचे हे भाकर मोडायचे. एकच भाकर, सगळ्यांत. आजाऱ्याचा तुकडा आधी बाजूला निघायचा."

"माझे गुडघे गेले त्याला वर्ष झालं गं. चर्चमधून कुणी फिरकलं नाही."

"म्हणून तर हे पाकीट पर्समधून आणलं. अर्धं तुमचं."

शिलाईवालीला राहवेना. "द्या आजी, मी फोडते." तिनं दातांनी कोपरा धरून वरचा कागद सोलला.

भावजयीनं नखाएवढी चकती दोन्ही हातांच्या चिमटीत धरली. दाबली, पुन्हा दाबली. ती निसटून पदरात पडली. उचलून तिनं पुन्हा दाबली.

"मोड ना, वहिनी."

"मोडत नाही, वन्सं. एकटीपुरतीच केलीय ही."