हाडात बसलेलं शिसं

माझं माहेर डोळखांबकडचं, डोंगराला टेकून पाडा आहे तिथं, भात आणि नाचणी, बाकी काय नाय. लगीन झालं तं मुरबाडकडं आली. नवरा शिशाच्या भट्टीवर होता, शेठनं शेडच्या मागं खोली दिलेली, तिथंच संसार मांडला. काय सांगू तुमाला ताई, गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या येतात, त्या फोडायच्या, आतल्या काळ्या पट्ट्या काढायच्या आणि कढईत वितळवायच्या. शिसं लोखंडासारखं नाय, लवकर पातळ होतं, ताजं कापलं तं चांदीवानी चमकतं आणि बघता बघता काळं पडतं. नखानं ओरखडा उठंल इतकं मऊ, पण उचलायला गेलं तं हात खाली ओढतं. वितळवलेलं परत बॅटरीलाच जातं, थोडं मासेवाले नेतात, जाळं बुडावं म्हणून खालच्या दोरीला लावायला.

मी बॅटऱ्या फोडायची आणि घरी येऊन तशीच पोरीला, सुमनला, कुशीत घ्यायची.

मग नवऱ्याच्या पोटात कळा यायला लागल्या. भगतानं अंगारा दिला, उतार पडला नाय, आणि एक दिवस उजवा हात मनगटातून लोंबला तो लोंबलाच, वर होईना. शहापूरला डॉक्टरीणबाईंकडं नेला. त्यांनी काम विचारलं, हिरड्या बघितल्या, कडेला निळी रेघ होती. बोलल्या हे शिसं आहे, धुरातून धुळीतून आत गेलं, हाडात बसतं, लवकर निघत नाय, आणि विचारलं, घरात लहान कोण आहे का. सुमनचं रक्त तपासलं तं तिच्यात बी निघालं. मी बोलली, ती तं भट्टीवर येत नाय. बाई माझ्या लुगड्याकडं बघून बोलल्या, धूळ तुझ्याबरोबर घरी येते गो.

शेठला सांगितलं तं बोलला, जायचं तं जा, पण खोली खाली करावी लागंल. आमी गेलो, नाय असं नाय. डोळखांबला भावाच्या शेतात भाताच्या आवणीला उतरलो, तं नवऱ्याच्या हातातून रोप सुटून चिखलात पडायचं, परत उचलायचा, परत पडायचं. भाऊ मागनं येऊन तीच रोपं परत लावायचा. त्याची जमीन ती केवढी, त्याचंच भागत नाय. मग सुमनला तिथंच माझ्या आयेकडं ठेवली आणि आमी दोघं परत आलो. आता नवऱ्याच्या जागी कढईवर मी उभी ऱ्हाते, तो दाराशी राखण करतो. माझ्या बी पोटात पीळ पडतो आता. मी सांगत नाय, पण त्याला कळतं.

जमंल तवा पाड्यावर जाते. आधी घरामागं डोक्यावरनं आंघोळ करते, आयेनं ठेवलेलं लुगडं नेसते, मग पोरीजवळ. पयले ती धावत यायची, मी ओरडायची, लांब ऱ्हा. आता ती आपणहून अंगणाच्या कडेला थांबते. मागच्या खेपेला बोलली, आये, माझं शिसं उतरलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता तू बी तिकडं जाऊ नको.

मी बोलली, हां. आणि दुपारच्या एसटीनं परत आली.

देवाकडं एवढंच मागते ताई, तिला माझ्यापासून अशीच लांब ठेव.