गैरहजर बंधू

मनिलाच्या व्हिसा कार्यालयात माझ्या मागे दोन ख्रिस्ती संन्यासी उभे होते. म्हातारे फादर हासिंतो इथल्याच मठातले. तरुण ब्रदर थुआन व्हिएतनामच्या मठातून इथे शिकायला आलेले.

"टेटला, तुमच्या नववर्षाच्या सणाला, तुझ्या मठात जाऊन आलास, तेव्हापासून गप्प आहेस."

"फादर, प्रार्थनेच्या शेवटी 'आमच्या गैरहजर बंधूंना सांभाळ' म्हणतात ना?"

"सगळ्याच मठांत म्हणतात."

"इतकी वर्षं तिथले सगळे माझ्यासाठी म्हणत होते. या खेपेला मी त्यांच्यातच उभा होतो. पण म्हणताना डोळ्यांपुढे तुम्ही आलात. भात करपवताना."

"एकदाच करपवला होता रे! पण तू व्रत त्या मठाचं घेतलंयस. मरेपर्यंतचं."

"म्हणूनच झोप लागत नाही. परत गेलो, तर रोज तुम्हीच आठवणार."

"आठव की. आमच्यासाठीही कुणीतरी प्रार्थना करेल."

"आणि इथेच राहिलो तर?"

"तर तिथले करत राहतील. तुझ्यासाठी. त्यांनी कुठे थांबवलीय?"

माझं काम आटोपलं, मी बाजूला झालो. थुआन खिडकीशी आले.

"व्हिसाची मुदत कधीपर्यंत वाढवायची, ब्रदर?" आतल्या कारकुनाने विचारलं.

"परीक्षा संपेपर्यंत."

"थोडी जास्त घ्या. सगळेच घेतात."

"नको. एक दिवसही जास्त नको."