आत्याचा मृदंग

तिवस्याहून अमरावतीला येणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर कॉलेजची एक मुलगी मानसशास्त्राचं पुस्तक उघडून बसली होती. शेजारी तिची आत्या, मांडीवर फुलांची टोपली घेऊन.

“आत्या, आज पेपर हाये. पाठ झालं का पाहू, तू फक्त आयक. माणसाले पयले पोट भरा लागते. मंग घरदार, मंग मायेची माणसं, मंग मानपान. हे सारं भेटल्यावरच तो स्वतःच्या आवडीचं काही करते.”

“असं पुस्तकात लिवलं हाये?”

“हो. खालची पायरी सोडून कोणी वर चढत नाही.”

“ज्या वर्षी गारपिटीनं आपली सारी शेवंती झोपली, त्या वर्षी आमच्या घरी एकाच टाइमाले चूल पेटे. त्याच वर्षी मी मृदंग शिकली.”

“कावून?”

“देवळात सूर्यभानबुवा वाजवत, अन् इकडे माहे हात वळवळत. एक दिवस म्हटलं, मलेबी शिकवा.”

“लोक हासले असतीन.”

“हासले ना. तुहा बाप सगळ्यात जास्त हासला.”

“म्हणजे मानपानबी नव्हता! मंग मी पेपरात काय लिहू?”

“पुस्तकातलंच लिही. मार्क द्याले मी थोडी बसली हावो तिथं?”

मुलीनं पुस्तक मिटलं.

“पण आत्या, तवा तुले भूक नाही लागे?”

“लागे न माय. वाजवल्यावर तर जास्तच लागे.”