व्हिजिटर पार्किंगमधली होडी

मी सोसायटीत सारखी भांडते म्हणता ना? मग परवाचं ऐका आणि सांगा, चूक कोणाची.

माझ्या बाबांची जुनी होडी सारसोळ्याला खाडीच्या किनाऱ्यावर कुजत पडली होती. मी ती टेम्पोत घालून आणली, तळाला भोकं पाडली, माती भरली आणि आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटसमोर ठेवून त्यात सदाफुली लावली. टोकाला बाबांचाच गंजका कंदील टांगला. काय दिसतेय माहितेय!

लगेच सेक्रेटरी हजर. "ताई, हे भंगार हलवा."

"भंगार? रिसॉर्टमध्ये अशाच होडीपुढे उभं राहून फोटो काढता की तुम्ही!"

"ते रिसॉर्टमध्ये. इथं तुमची होडी अर्धी व्हिजिटर पार्किंगमध्ये आलीय. तिथं फक्त व्हिजिटरनीच गाडी लावायची, असा नियम आहे."

"व्हिजिटर म्हणजे नक्की कोण हो?"

"म्हणजे काय? जे इथले नाहीत, बाहेरून आलेत ते."

बाबा शेजारीच झाडांना पाणी घालत होते. मी विचारलं, "बाबा, ही बिल्डिंग नव्हती तेव्हा होडी कुठं लावायचात?"

बाबांनी हातातला पाइप सेक्रेटरीच्या चपलांकडे वळवला. "हितंच. भरतीचं पानी हितवर यायचं."

सेक्रेटरी टुणकन मागे सरकले.

म्हटलं, "ऐकलंत? होडी इथलीच आहे. नियमच पाळायचा असेल तर तुमची गाडी आणून लावा इथं. व्हिजिटर तुम्ही आहात."