हिराबाईंनी पाजलेलं पाणी

मंडळी,

आत्ता माझं नाव पुकारताना सूत्रसंचालक सवयीनं 'आपले लाडके विनोदी लेखक' म्हणाले. मग त्यांची नजर वसुधाताईंच्या फोटोकडे गेली आणि त्यांनी वाक्य तसंच सोडून दिलं. त्यांची काही चूक नाही. चूक माझ्या धंद्याची आहे. वीस-बावीस वर्षं मी इथल्या साप्ताहिकात लोकांची टर उडवतो आहे. बोलताना माझं कधी अडत नाही. आज अडतंय. सकाळपासून तीन वेळा भाषण लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. वाईट झालं म्हणून नव्हे, चांगलं झालं म्हणून. वसुधाताईंना चांगलं झालेलं भाषण आवडत नसे. त्या विचारायच्या, "यातलं खरं किती?"

तेव्हा आज मी फक्त खरं बोलणार आहे. सवय नाही, सांभाळून घ्या.

इथे रोह्याहून आलेली मंडळी आहेत, त्यांच्या केंद्रातली. माझ्या जोह्याची आहेत. काळेखारची तर निम्मी वाडीच आली आहे. आणि सगळ्यात मागे, दाराशी, चपला काढल्या आहेत तिथे हिराबाई बसल्या आहेत. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या. पुढे या म्हटलं तर म्हणाल्या, "मना नको पुढे. मीच तिचा काम बुडवलाय." ताई गेल्याचं कळल्यापासून त्या हेच एक वाक्य बोलताहेत. मंडळी, मी आज त्या एका वाक्यासाठी उभा आहे. कारण ते वाक्य हिराबाईंचं नाही. माझं आहे. मी छापलं होतं.

सांगतो. सुरुवातीपासून सांगतो.

वसुधाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात. गणपतीचे दिवस जवळ आलेले, रंगाचे डबे उघडे, पाय ठेवायला जागा नाही. ही बाई आली आणि म्हणाली, "तुमच्याकडचा सगळ्यात बारीक ब्रश हवाय. डोळे आखायचा."

मी विचारलं, "कुणाचे डोळे आखायचेत?"

"डोळे नाही. भाताचं लग्न लावायचंय."

मला वाटलं, बरं गिऱ्हाईक मिळालं, पुढच्या अंकाचा प्रश्न सुटला. ती बाई मात्र शांतपणे सांगू लागली. भाताचं फूल किती लहान असतं, ते सकाळी किती थोडा वेळ उघडं असतं, एका जातीचे परागकण दुसऱ्या जातीवर ठेवायचे तर हात किती हलका लागतो. आमचा डोळे आखणारा कारागीर, जो कुणाचंच ऐकत नाही, तो हातातलं काम ठेवून ऐकत होता. शेवटी त्यानं आपला स्वतःचा ब्रश दिला. त्या ब्रशाला तो मलाही हात लावू देत नाही.

त्यांचं काम होतं खारपाटातल्या, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या भातावर. आपल्याला हे काही नवीन सांगायला नको. पाऊस असेपर्यंत जमिनीतलं मीठ खाली दबून असतं. पाऊस थांबला, ऊन पडलं, की ते वर येतं. आणि नेमकं तेव्हाच भात फुलोऱ्यात असतो. बाहेरचा बांध फुटून खांड पडली, खाडी आत शिरली, तर मग बोलायलाच नको. अशा मिठात कुठलं रोप तग धरतं, का धरतं, ते मीठ मुळाशीच अडवतं की आत घेऊन कुठे ठेवतं, हे शोधण्यात या बाईनं आयुष्य घातलं. त्या त्याला 'ताण' म्हणायच्या. वनस्पतींवरचा ताण.

काळेखारच्या पहिल्या बैठकीत त्यांनी हा शब्द वापरला आणि हिराबाईंनी विचारलं, "भाताला कसला गो ताण? त्याला काय पोरींची लग्ना करायचीत?"

सगळे हसले. ताईही हसल्या. आणि तेव्हापासून दोघींचं जमलं.

तसं गावाला त्यांचं सगळंच अजब होतं. नावापुढे डॉक्टर, म्हणून दुसऱ्याच दिवशी कुणी तरी पोट फुगलेली शेळी घेऊन दारात. ताई म्हणाल्या, "अहो, मी भाताची डॉक्टर." शेळीवाला म्हणाला, "भात काय ओरडत नाय. आधी हिला बघा." त्यांनी पेणमधल्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, फोन कानाला धरून ते सांगतील तसं सगळं करवून घेतलं. शेळी वाचली. पुढे वर्षभर ताईंना भातापेक्षा शेळ्याच जास्त दाखवल्या गेल्या.

पण खरा अजबपणा पुढे होता. आपल्या वाडवडलांनी पिढ्यानपिढ्या जोळ करून, म्हणजे घरटी एक माणूस देऊन, बांध घातले. कशासाठी? खाडी बाहेर राहावी म्हणून. आणि ही बाई काय करते, तर शेताचा एक तुकडा वेगळा बांधून घेते, आणि भरतीला उघाडीची, बांधातल्या दाराची, फळी वर करून खाडीचं पाणी आपल्या हातानं आत घेते. गावातले म्हातारे बांधावर उभे राहून बघत होते. एकानं मला सांगितलं, "आमचा बाप बांध बांधता बांधता गेला. हिला पगार हाय बांध उघडायचा."

त्या तुकड्यात निरनिराळ्या जातींची रोपं होती, ओळींनी. त्यांना खारं पाणी द्यायचं आणि बघायचं, कोण मरतं, कोण उरतं. मरायचं ते मरू द्यायचं. प्रयोगच तो होता. तण बेणायला आणि पाखरं राखायला चार बायका ठेवल्या, त्यात हिराबाई. त्यांना काम सांगितलं, मजुरी ठरली. प्रयोग काय आहे ते मात्र कुणी सांगितलं नाही. मजुराला काय सांगायचं, अशी आपल्याकडची पद्धत आहेच.

मग पाऊस थांबला. ऊन तापलं. रोपांची पानं टोकाकडून जळायला लागली. ताई त्या आठवड्यात रोह्याला केंद्रात अडकल्या होत्या. आणि या चार बायका दिवसभर बांधावर बसून भात मरताना बघत होत्या. ज्यांनी जन्मभर भात जगवला, त्यांना भात मरताना बघायची मजुरी मिळत होती.

तिसऱ्या दिवशी हिराबाईंनी आपली कळशी उचलली. काळेखारला गोडं पाणी कसं येतं ते इथं बसलेल्यांना माहीत आहे. एक दिवसाआड येतं, आणि आलं तर येतं. त्या प्यायच्या पाण्यातलं तांब्या तांब्या पाणी त्यांनी त्या रोपांच्या मुळाशी घातलं. तीन-चार दिवस. बाकीच्या बायकांनीही घातलं.

ताई आल्या, वहीत बघितलं, रोपांकडे बघितलं. मरायला हवी होती ती रोपं उभी. विचारलं, "हे काय झालं?"

हिराबाई म्हणाल्या, "मराला टेकल्याव तोंडान पानी घालतान, बाय. घातला."

मंडळी, तो पूर्ण हंगामाचा प्रयोग होता. तो तिथं संपला.

ही बातमी मला कळली आणि मी काय केलं? लेख लिहिला. मथळा होता, 'शास्त्राला पाणी पाजलं'. मला तो मथळा फार आवडला होता. पाणी पाजणं, म्हणजे हरवणं. बघा, कसा शब्द सापडला. लोकांनी रस्त्यात थांबवून टाळ्या दिल्या. लेखात हिराबाईंचं नाव होतं. डॉक्टरबाईचं काम बुडवणारी बाई, असं लिहिलं होतं. ताईंना मी 'बिचाऱ्या' म्हटलं होतं, त्यामुळे मला आपण फार सभ्य लेखक आहोत असंही वाटत होतं.

त्या लेखाचं पुढे काय होतं ते लेखकाला कळत नाही. तो पुढच्या अंकाच्या मागे असतो. काळेखारच्या नाक्यावर तो कागद वाचला गेला. हिराबाई पेणला मासळी घेऊन यायच्या, तर एस्टीत कुणी तरी म्हणायचं, "काय गो, आज कोनाला पानी पाजलास?" त्या हसण्यावारी न्यायच्या. मग हसेनाशा झाल्या. मग त्या शेतावर जायच्या थांबल्या. ताई बोलवायला गेल्या तर म्हणाल्या, "नको बाय. माझा हात चांगला नाय."

ताई माझ्याकडे कारखान्यात आल्या. ओरडल्या नाहीत. प्लास्टरच्या धुळीनं भरलेल्या बाकावर तशाच बसल्या आणि म्हणाल्या, "विनोद चांगला केलात. माणूस चुकीचं धरलंत."

मी म्हटलं, "तुमचा प्रयोग बुडाला की नाही?"

"बुडाला. माझ्यामुळे. चार बायकांना मी राबायला लावलं आणि कशासाठी ते सांगितलं नाही. केंद्राला तसंच लिहून दिलंय."

ते पत्र नंतर मला रोह्याच्या मंडळींनी दाखवलं. त्यात मजुरांच्या निष्काळजीपणाचा उल्लेख नाही. हवामानाचा नाही. एकच ओळ आहे, चूक माझी. त्या ओळीपायी त्यांचं काम पुढचं वर्षभर अडलं. थोडं पाऊस-वाऱ्यावर ढकललं असतं तर अडलं नसतं, असं त्यांचेच सहकारी सांगतात. रोह्याची मंडळी माना हलवताहेत, म्हणजे मी खरं बोलतोय.

जाताना त्या म्हणाल्या, "एक दुरुस्ती छापा." मी म्हटलं, "ताई, विनोदी लेखक दुरुस्ती छापत नाही, त्याचं दुकान बंद होईल." त्या म्हणाल्या, "छापाल तेव्हा छापा."

दर भेटीत त्या तेवढंच विचारायच्या, "छापलीत?" मी म्हणायचो, "पुढच्या अंकात." आजारपणातही विचारलं. मी म्हटलं, "पुढच्या अंकात."

गेल्या सोमवारी त्यांचे यजमान अनंतराव माझ्या घरी आले. ते इथे पुढे बसले आहेत. म्हणाले, "तिनं हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं." ताईंची शेतावरची वही. मी ती उघडली आणि त्या दिवसाचं पान काढलं. ज्या दिवशी प्रयोग बुडाला, त्या दिवसाचं. माझा लेख यायला अजून दहा दिवस होते. कुणाची समजूत घालायची वेळ अजून आलेली नव्हती, हे ध्यानात घ्या.

त्या दिवशी ताई डोक्याला हात लावून बसल्या नाहीत. त्या हिराबाईंना घेऊन एकेक ओळ फिरल्या. विचारत गेल्या, कुठल्या रोपाला पाणी घातलंस. आणि हिराबाई सांगत गेल्या. हिला घातला. हिला घातला. हिला नाय. शेकडो रोपांतलं एकेक रोप त्यांना आठवत होतं. ताईंनी विचारलं, "हिला का नाही घातलं?" त्याचं उत्तर वहीत जसंच्या तसं उतरवलं आहे. वाचतो.

'हिनी मागलाच नाय. खालची पाना जळलीत, पन मधला पोगा उभा हाय. ही करंल आपला आपन.'

त्याखाली ताईंच्या अक्षरात आहे: 'मी हे यंत्रानं मोजणार होते. जुन्या पानांत मीठ साठवून नवी पात वाचवणारी रोपं. हिराबाईंनी बघून ओळखली. ही सगळी वेगळी ठेवायची.'

ती वेगळी ठेवली. बी राखलं. वर्ष फुकट गेलं, पण त्यानंतरच्या हंगामात ती पुन्हा लावली, या वेळी बायकांना सगळं सांगून. बरीचशी गेली. शेती आहे, आणि शास्त्रही आहे, दोन्हीत बरंचसं जातं. दोन टिकली. मिठात फुलली, दाणा धरला. आज रोह्याच्या केंद्रात ताईंच्या कपाटात त्या दोन वाणांच्या पिशव्या आहेत. त्यावर लिहिलंय, हि-एक आणि हि-दोन. केंद्रातल्या लोकांना वाटायचं 'हि' म्हणजे हिरवी. एका साहेबांना वाटलं हिवाळी, आणि त्यांनी त्यावर एक टिपणही लिहिलं. ताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "निवड ज्यानं केली त्याचं नाव देतात. आमच्यात तशी रीत आहे."

हिराबाई, हे ताईंनी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, माझा मन राखायला बोलते. कारण तुमच्याविरुद्ध छापलेलं होतं, आणि छापलेलं खरं असतं असं तुम्हाला वाटतं. नसतं, हिराबाई. मी बावीस वर्षं छापतोय, माझ्यावर विश्वास ठेवा. नसतं.

ही दुरुस्ती या अंकात येते आहे, माझ्या नावानं. पण जिनं ती मागितली ती वाचायला नाही. आणि जिच्यासाठी मागितली तिला वाचता येत नाही, म्हणून आज तोंडी सांगतो. तुम्ही काम बुडवलं नाहीत. मी तुमच्यावर ते ढकललं. चूक माझी. ही ओळ लिहायला वसुधाताईंना एक दिवस लागला, मला त्या जाव्या लागल्या.

येत्या लावणीला ही दोन वाणं काळेखारच्या त्याच तुकड्यात लावायची आहेत. केंद्रातल्या मंडळींना वही वाचता येईल, ओळी मोजता येतील. कुठलं रोप मागतंय आणि कुठलं मागत नाही, हे सांगायला वसुधाताई नाहीत. एकच माणूस आहे, आणि ते चपलांपाशी बसलंय.

मंडळी, शेवटी आपण शांत उभे राहायचं आहे. घड्याळ कुणी बघू नका, किती मिनिटं ते मी सांगणार नाही. हिराबाईंचे गुडघे दुखतात. दारापासून इथवर, ताईंच्या फोटोपर्यंत यायला त्यांना वेळ लागेल. त्या येईपर्यंत आपण उभे राहू. हात धरायला कुणी जाऊ नका, मधे वाट तेवढी द्या.

या, हिराबाई. आम्ही थांबलोय.