बॉल न दिसणारा पारखी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा. सोनं कसोटीवर घासून बघतात, बरोबर? मग कसोटीचा दगड कशावर घासायचा? नाही ना सुचत? पेटीवाले तात्या हसताहेत, म्हणजे त्यांनाही सुचलेलं नाही! माणसाची पारख करणारे गावोगाव पुष्कळ. पण पारख्याची पारख कोण करतो? ऐका तर.

नांदोळी नावाचं गाव. बाजारपेठेचं. तिथं कुस्तीचं वेड नाही, भजनाचं बेताचंच, वेड कशाचं? बास्केटबॉलचं! आणि तेही पोरींच्या! तिथल्या ज्युनिअर कॉलेजची मुलींची टीम म्हणजे गावाचा जीव की प्राण. दहावीचा निकाल लागला की अकरावीला आलेल्या पोरींची निवड चाचणी व्हायची. पोरी तांबड्या मातीच्या कोर्टावर धावायच्या, आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून सात पुरुष त्यांना जोखायचे. कोणी गिरणीवाला, कोणी शिंपी... साती जणांत एकानंही जन्मात बॉल हातात धरलेला नाही! पण बोलणं ऐकावं! "उंची किती? आईकडून कशी आहे? मामाची उंची विचारा! पंजा बघा पायाचा, अजून चार बोटं वाढंल." — आयाबायांनो, तुम्ही का हसताय? चहापोह्यांची आठवण झाली वाटतं!

पण चेष्टा राहू द्या. या साती जणांची एक जुनी रीत होती, आणि ती मात्र सोन्यासारखी. बाहेरगावची गरीब पोर टीममध्ये यायची असली, तर हे तिला वार लावून द्यायचे. सोमवारी एकाच्या घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याच्या. झोपायला टीमच्या कोच इनामदार बाईंची माडी. चाचणी संपली की पोरीसमोर एकेकानं आपला वार बोलायचा. "माझा सोमवार." आणि पोर पसंत नसली तर? "माझा वार मोकळा." सुरुवात करायची थोरल्यानं.

थोरले म्हणजे निवृत्तीआण्णा. त्यांचा गुरुवार. आण्णांची मान डोलली की पोर पास, असा दरारा! पण मंडळी, एक गोष्ट कट्ट्याला ठाऊक नव्हती. आण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणसं दिसायची, रंग दिसायचे. पण तांबड्या मातीवर तो नारिंगी बॉल? छे! तीन वर्षं झाली, आण्णांना बॉल दिसलाच नव्हता. ऑपरेशनची धास्ती, आणि त्याहून मोठी धास्ती कट्ट्याची. आंधळ्या पारख्याला कोण विचारतो? घरात बायकोला, शेवंताबाईंनाही कळू दिलं नाही — निदान आण्णांना तसं वाटत होतं.

मग पारख कशी करायचे? सोपं आहे! कट्ट्यावर शेजारी बसणारा गजा पाटणे ओरडला "वाऽ!" की आण्णांनी मान डोलवायची. झालं!

त्या वर्षी रेणू आली. पलीकडच्या माळावरची मेंढपाळाची पोर. बुटकी, काटकुळी, अंगात पिवळा कुडता. बाप घोंगडं खांद्यावर टाकून कुंपणापाशी उभा. वार मिळाले तर पोर इथं शिकणार. नाही मिळाले तर कळपामागं परत. बस्स, एवढंच.

खेळ सुरू झाला. गजा ओरडतोय, "अनघा! वाऽ अनघा! टाक बास्केट!" अनघा गावातलीच, ताडासारखी उंच. आण्णा मान डोलवताहेत. पण ढगाळ दिवस, सगळ्या पोरी करड्या-करड्या दिसायला लागल्या. स्पष्ट काय दिसायचं? एक पिवळा ठिपका! मग आण्णांची नजर बसली त्या ठिपक्यावर.

आणि बघतात तर काय! पिवळा ठिपका जाऊन एखादीसमोर भिंतीसारखा उभा राहायचा, दणका खायचा, आणि पुढच्या क्षणाला गजा ओरडायचा, "वाऽ अनघा!" पुन्हा तेच. पिवळं थांबलं, की वाऽ अनघा! पिवळं पडलं, उठलं, धावलं, की वाऽ अनघा! आण्णांच्या अंगावर काटा आला. अरे, वाट तर ही करतेय! हिच्याशिवाय ती उंच पोर रिंगपर्यंत पोचेल कशाला?

मग आण्णांनी तसं सांगितलं असेल, नाही? मंडळी, इतकं सोपं असतं तर कीर्तनं कशाला लागली असती!

चाचणी संपली. रेणू कट्ट्यासमोर उभी राहिली, गुडघा सोललेला. गजा म्हणाला, "आण्णा, पोरीनं एक बास्केट टाकली नाही. बॉल हातात आला तर लगेच दुसरीकडं. पुढच्या आठवड्यात एक उंच पोर येणार आहे म्हणतात, तिच्यासाठी वार ठेवू. काय म्हणता?"

आण्णांच्या ओठावर आलं होतं. पण गजानं विचारलं असतं, "तुम्हाला कुठं दिसलं असलं काही?" मग?

"माझा वार मोकळा," आण्णा म्हणाले.

झालं. बापानं हात जोडले. "चल गं," म्हणाला. पण पोर हलेना. तिनं आण्णांकडं बघून विचारलं, "आजोबा, माझं काय चुकलं तेवढं सांगा. म्हंजी पुन्यांदा नाही करणार."

काय सांगणार? चुकली असती तर चूक सांगितली असती! आण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, "बाळ, तुझं काही चुकलं नाही. मला बॉल दिसत नाही."

"काय?" गजा उडालाच. "कधीपासनं?"

"तीन वर्षं."

"मग मान कशावर हलवत होता?"

"तुझ्या ओरडण्यावर."

गजाचा चेहरा पांढराफटक! म्हणाला, "अहो आण्णा... मी तर तुमची मान हलायला लागली की आवाज चढवत होतो!"

हरी हरी! बघा मंडळी! हा त्याच्या आवाजावर मान हलवतोय, तो याच्या मानेवर आवाज लावतोय, आणि मध्ये लेकरांची नशिबं ठरताहेत!

आण्णा म्हणाले, "इनामदार बाई, आणखी थोडं खेळवा पोरींना. आणि गड्यांनो, एकदा माझ्या डोळ्यांनी बघा. बॉल सोडा. फक्त पिवळा कुडता बघा."

खेळ झाला. कट्ट्यावर कोणी ओरडलं नाही. पहिल्यांदाच! शेवटी गजाच खाली बघत म्हणाला, "माझा सोमवार." मग मंगळवार. मग बुधवार. आण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले. "माझा गुरुवार."

गुरुवारी रेणू आण्णांकडं जेवायला बसली. शेवंताबाई वाढत होत्या. आण्णांनी न बघता हात पुढं केला, आणि तांब्या बरोबर हाताशी! उंबऱ्यातली चप्पल शेवंताबाईंनी पायानं हळूच बाजूला सारली, भाजीतली मिरची काढून ताटाच्या कडेला ठेवली. एक शब्द नाही. आण्णांना वाटत होतं, घरात कुणाला ठाऊक नाही!

रेणू बघत होती. मग खुदकन हसली. "आजोबा," म्हणाली, "आजी बी माझ्याच जागंवर खेळत्यात."

आण्णांचा घास हातातच राहिला. त्या आठवड्यात त्यांनी डोळ्यांच्या दवाखान्यात नाव घातलं. पण मला विचाराल, तर त्यांचा मोतीबिंदू त्या ताटावरच निघाला.

तर मंडळी, आता घरी जाल. जाताना माझ्या गळ्याचं कौतुक करू नका. गळा सगळ्यांनाच ऐकू येतो. तिकडं मागं खांबाआड बसून ज्या बाई केव्हापासून समईत तेल घालताहेत, त्यांच्याकडं एकदा वळून बघा. आणि घरी पोचलात की तांब्या हाताशी कुणी ठेवला, ते विचारू नका — बघा.

बोला, त्या न दिसणाऱ्याचा जयजयकार!