टॉवेलचा गणपती

सिंगापूर-थायलंड क्रूझला निघालात ना? मग दुसरं काही विसरा, पण घरचा टॉवेल न्या. आमचं काय झालं ऐका.

इंदिरानगरहून उड्या मारत निघालेली माझी बायको शोभा बोट हलल्यापासून माझा हात सोडत नव्हती. चहूकडे नुसतं पाणी बघून घाबरली. जेवून केबिनमध्ये आलो, तर पलंगावर टॉवेलचा हत्ती! खोली आवरणाऱ्या रॅमॉन नावाच्या फिलिपिनो गृहस्थांनी घड्या घालून हौसेनं केलेला. मी म्हटलं, "वा!" शोभानं चपला काढून हात जोडले.

"अहो, हा आला की सोबतीला!" म्हणाली, आणि निफाडच्या माहेरचे बेदाणे त्याच्यापुढे नैवेद्याला ठेवले.

सकाळी मी अंघोळ करून आतून हाक मारली, "टॉवेल दे गं!"

"विसर्जनाआधीच मोडू होय त्याला?"

दुसरा मागायचा, तर इंग्रजीत गणपती कसा समजावणार? छोट्या नॅपकिननं कसंबसं अंग पुसलं. एवढ्या देहाला! पण बिचारी रात्री शांत झोपली होती, म्हणून हत्तीला हात लावला नाही.

बेदाणे बघून रॅमॉननी बहुतेक बोटीवरच्या भारतीय आचाऱ्याला हे काय ते विचारलं असावं. संध्याकाळी परतलो, तर शोभाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बघा हो, परक्या माणसानं किती मनावर घेतलं!"

हत्तीपुढे हात जोडून एक गोजिरवाणा उंदीर बसला होता.

माझ्या नॅपकिनचा.